गच्ची कोणाची?

गेल्या उन्हाळ्यात सूर्यघर योजनेची कागदपत्रे घेऊन मी एका कचेरीत गेलो होतो. खिडकीमागच्या तरुणाने ती चाळली आणि अदबीने विचारले, "काका, धाबुं कोनुं छे?"

गच्ची कोणाची? दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याला माझ्यासकट सात हिस्सेदार. दोघे पुण्याला, एक परदेशी, एकाच्या वारसांचा ठिकाणा नाही. खाली तीन बिऱ्हाडे भाडेकरूंची. "सर्वांची संमती आणा," असे उत्तर मिळाले. मी कागद पिशवीत घातले आणि घरी आलो.

योजना वाईट नाही, हे आधी सांगतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती एक कोटी घरांसाठी सुरू केली. पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे घरामागे फार तर ७८,००० रुपये. माझ्या एका बंगलेवाल्या स्नेह्यांनी तिचा लाभ घेतला आणि आता दर खेपेस विजेचे बिल दाखवून ते मला चिडवतात. त्यांना चिडवू द्यावे. पण बंगलेवाल्याला अनुदान आणि दोन खोल्यांत राहणाऱ्याला पूर्ण दराची वीज, हा न्याय कुठला? तिजोरीत तर दोघांचाही पैसा आहे.

आपल्या बडोद्याला हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराला पाण्याची ददात होती. तेव्हा सयाजीराव महाराजांनी, "आपापल्या अंगणात विहीर खणा, खर्चाचा वाटा दरबार देईल," असे फर्मान काढले नाही. काढले असते तर ज्याला अंगण त्यालाच पाणी मिळाले असते. त्यांनी आजव्याचा तलाव बांधला आणि नळाने पाणी शहरात आणले.

विजेचा असा तलावही आपल्या वेशीवरच आहे. सम्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर २०१५ साली १० मेगावॉटचे सौर केंद्र उभे राहिले. जमीन अडली नाही, सावलीमुळे पाण्याची वाफ कमी होते, आणि खालच्या पाण्याने तावदाने थोडी थंड राहून वीज जास्त देतात. लोखंडी सांगाड्याचा खर्च मात्र जास्त, हे खरे. अशा केंद्रातला दोन किलोवॉटांचा वाटा भाडेकरूच्या नावे लावून तेवढी वीज त्याच्या बिलातून वजा करता येणार नाही काय? दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने अशा हिशेबाचे नियम २०१९ मध्येच केले. सूर्यघरच्या मार्गदर्शक सूचनांतही त्याला जागा ठेवलेली आहे. पण खिडकीवर प्रश्न येतो तो गच्चीचाच. अनुदानाची पहिली रक्कम बिनगच्चीवाल्यांच्या वाट्यासाठी राखून ठेवावी, बंगल्यांना त्यानंतर द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्नेही रागावतील, रागावोत.

परवा परदेशातल्या चुलतभावाची संमती आली. आता पाच राहिले. खालच्या काकू रोज जिन्यात विचारतात, "भाऊ, आपल्या विजेचं काय झालं?"