पाळी आपली, उपकार कुणाचा?



उन्हाळी आवर्तन सुटले, की कालव्याच्या टोकाला असलेल्या गावांत दोन कामे एकदम सुरू होतात. एक, चारीकडे डोळे लावून बसायचे. दुसरे, फोन लावायचे.

मागच्या उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यात पाहुण्यांकडे मुक्कामाला होतो. उसाने माना टाकलेल्या. पाहुण्यांनी नमुना नंबर 7 चा अर्ज वेळेत भरलेला, पाणीपट्टीची बाकी नाही, पाळीच्या यादीत नाव. तरी चारी कोरडी ठणठणीत. शेवटी त्यांनी एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याला गाठले. रात्री अकराला पाणी आले. बॅटरी घेऊन दारे धरायला निघताना पाहुणे म्हणाले, "भाऊंचे लई उपकार झाले बघा."

मला काही झोप लागेना. अर्ज यांचा, पट्टी यांनी भरलेली, पाळीही यांचीच. मग उपकार भाऊंचा कसा? आणि ते पाणी भाऊंनी आणले कुठून? वरच्या कुणाची तरी पाळी मोडूनच ना? ज्याची मोडली, तो उद्या दुसऱ्या भाऊंचे दार ठोठावणार. म्हणजे एका फोनने दोन माणसे बांधली गेली. एक उपकाराने, दुसरा गरजेने.

आता कुणी म्हणेल, बारामती-इंदापूर भागात बसून पुढाऱ्यांना नावे ठेवता? नाही बाबा. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळात निघाला, पण पुढचे पुष्कळ काही इथल्याच माणसांनी उभे केले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने झाले. 1971 मध्ये अप्पासाहेब पवारांनी कृषी विकास प्रतिष्ठान सुरू केले, 1972 मध्ये विद्या प्रतिष्ठान आले. जिरायत गावांत पाझर तलाव झाले. हे विसरणारा कृतघ्न म्हणावा लागेल. पण चांगले काम करणाऱ्याला मान देणे वेगळे, आणि आपल्या हक्काची वस्तू त्याच्याकडून भीक म्हणून घेणे वेगळे. या दोहोंमधला बांध आपण कधी नांगरून टाकला, ते आपल्यालाही कळले नाही.

एप्रिल 2024 मधली गोष्ट. लोकसभेचा प्रचार चालू होता. इंदापूरच्या सभेत त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले, की पाहिजे तेवढा निधी देऊ, पण मशीनचे बटणही तसेच दाबा, नाहीतर आमचा हात आखडता होईल. बरीच ओरड झाली. निवडणूक अधिकाऱ्यांनी मात्र यात आचारसंहितेचा भंग दिसत नाही असे सांगितले. तो कायद्याचा प्रश्न झाला. मला सभेतल्या माणसांचे वाटते. बहुतेकांना त्यात काही वावगे वाटलेच नसेल. देणारा देतो, घेणारा घेतो, असेच आपण धरून चाललो आहोत. पण निधी म्हणजे कुणाच्या घरच्या कणगीतले धान्य नव्हे. ट्रॅक्टरच्या डिझेलवर, औषधाच्या डब्यावर, पोरीच्या लग्नातल्या लुगड्यावर आपण कर भरतो, त्याचाच तो पैसा. आपलेच दूध, आणि आपल्यालाच ताकासाठी हात जोडायला लावायचे!

शिवाय माणसाच्या शब्दावर आलेली गोष्ट शब्दावरच परत जाते. उजनी धरणात इंदापूरची कितीतरी गावे बुडाली, तेव्हा त्या पाण्यावर इंदापूरकरांचा दावा खोटा कोण म्हणेल? 2021 च्या एप्रिलमध्ये उजनीतून इंदापूरकडे 5 टीएमसी पाणी उचलण्याचा आदेश निघाला. तेव्हा इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे राज्यमंत्री होते आणि सोलापूरचे पालकमंत्रीही. 'पालकानेच पाणी पळवले' म्हणून सोलापूर जिल्हा पेटला. महिनाभरात, मे मध्ये, आदेश रद्द झाला. इकडे आनंद झाला, मग तिकडे झाला. तहान दोन्हीकडे खरी होती. पण मंत्री कुठला आणि ओरड कुणाची मोठी, यावर पाणी ठरायला लागले, की दोन तालुके शेजारी न राहता भाऊबंदकीतले वैरी होतात.

सरकारी कचेरीचेही तेच होते. साहेबाला कळते, की बदली नियमाने होत नाही, फोनने होते. मग तो आपला अर्ज कशाला वाचील? तो फोनची वाट बघतो. ज्याचा फोन येत नाही, त्याचा कागद खाली जातो. विधवा बाईचा, भूमिहीनाचा, विरोधात मत दिलेल्याचा. साहेब मनाने वाईट असतोच असे नाही. त्याला नोकरी करायची असते.

ही खोड आपलीच नव्हे. अमेरिकेतही निवडून आलेला पक्ष आपल्या माणसांना सरकारी नोकऱ्या वाटायचा. 1881 मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना एका माणसाने गोळी घातली. का, तर प्रचार करूनही त्याला नोकरी मिळाली नाही. मग 1883 मध्ये तिथे परीक्षा घेऊन नोकरी देण्याचा कायदा झाला. मोठा घाव बसल्यावर शहाणपण आले.

आपल्याकडे कायदे झालेले आहेत. ते पेटीत घडी घालून ठेवू नका. बदल्यांच्या 2005 च्या कायद्यातच लिहिले आहे, की कुठलीही फाईल एका टेबलावर कामाचे सात दिवस पडून राहू नये. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर अपील करता येते, अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. ऊस घातल्यावर 14 दिवसांत एफआरपीचे पैसे आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ती संचालकांची मेहेरबानी नव्हे. आणि 2005 च्याच दुसऱ्या कायद्याने पाणीवापर संस्थेला पाणी मोजून घेण्याचा हक्क दिला आहे.

सकाळी हे सगळे पाहुण्यांना सांगितले. ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "दादा, अपील होईस्तोवर ऊस जळून जातो. फोन लावला की रात्रीत पाणी येतं."

खरे आहे. याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. एकट्या माणसाला फोनच परवडतो. पण टेलच्या पन्नास खातेदारांनी मिळून संस्था केली, पाणी मोजून घेतले, पाळीचा कागद चावडीवर लावला, तर फोन कुणाला लावायचा? पाहुणे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पन्नासजण एका जागी बसतील, तेव्हाची गोष्ट." मी म्हटले, आधी पाचजण तर बसवा.

तेवढे तुम्हीही करा. अर्ज द्याल तेव्हा पोच घ्या. मुदत विचारा, ग्रामसभेला बायकामाणसांसह जा. पुढारी घरी आले तर पाट-पाणी द्या, मान द्या. पण हक्काच्या पाण्याला उपकार म्हणू नका.

येतो मंडळी. रामराम!