फोड त्वचेवर, जंतू काळ्या आजाराचा

२०२३ साल सरत असताना भारतातील काळ्या आजाराच्या सर्व ६३३ गटांत रुग्णांचे प्रमाण दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाच्या खाली आले. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांत हे गट विखुरलेले आहेत. भारत, नेपाळ व बांगलादेश यांनी २००५ मध्ये करार करून या कामासाठी २०१५ ची मुदत ठरविली होती. ती टळली, पुढच्याही टळल्या, पण अखेर लक्ष्य गाठले गेले. उपचार न झाल्यास बहुतेक रुग्णांचा बळी घेणाऱ्या या रोगाला इतके मागे रेटणे ही मोठीच कामगिरी होय, आणि तिचे श्रेय खेडोपाडी भिंतींवर औषध फवारणाऱ्या अल्पवेतनी कामगारांनाही दिले पाहिजे.

परंतु ही मोजदाद प्लीहा आणि यकृत पोखरणाऱ्या रोगाची आहे. त्याच जंतूमुळे कातडीवर उठणारा फोड या हिशेबात कोठेच बसत नाही.

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ही विभागणी फार सुबक होती. १९०३ मध्ये लीशमन यांनी लंडनमध्ये व डोनोव्हन यांनी मद्रासमध्ये काळ्या आजाराच्या जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांचीही नावे जोडून त्याला ‘लीशमानिया डोनोवानी’ म्हटले. पोटातील रोग याचा, आणि ‘दिल्लीचा फोड’ म्हणून ओळखला जाणारा त्वचेचा व्रण त्याच्या भाऊबंदाचा, म्हणजे ‘लीशमानिया ट्रोपिका’चा. हिवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी झाली तेव्हा दिल्लीचा फोडही जवळजवळ नाहीसा झाला. बिकानेरच्या बाजूला तो टिकून राहिला. दोन्ही जंतूंचा प्रसार मादी वाळूमाशी करते. डासाहूनही लहान असलेला हा कीटक ओलसर भेगांत आणि गोठ्यांत राहतो. महाराष्ट्राला तो अपरिचित नाही. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावाचे नाव ज्या विषाणूला १९६५ मध्ये मिळाले, त्याचाही वाहक वाळूमाशीच मानली जाते.

ही सुबक विभागणी प्रथम मोडली ती बिहारपासून फार दूर. श्रीलंकेत १९९२ मध्ये स्थानिक संसर्गाचा त्वचारुग्ण नोंदला गेला. पुढे रुग्णांची संख्या वाढत गेली. आधी उत्तरेकडील सैनिकांत, मग शेतकरी कुटुंबांत. जंतू तपासला तेव्हा तो ट्रोपिका नसून डोनोवानी निघाला. हिमाचल प्रदेशातही तेच घडले. सतलजच्या खोऱ्यातील, विशेषतः किन्नौरमधील १६१ त्वचारुग्णांचा वृत्तान्त सिमल्याच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. जंतूची जात ज्या नमुन्यांत तपासली गेली, त्यांतील बहुतेकांत डोनोवानी होता, थोड्यांत ट्रोपिका. केरळात अगस्त्य पर्वताच्या जंगलातील काणी आदिवासींच्या वस्त्यांतही त्वचेवरील व्रणांत डोनोवानीच सापडला. पूरमैदानातला जंतू हिमालयाच्या उतारावर आणि सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला कातडीवरच का थांबतो?

त्याचे उत्तर जनुकांत शोधले जात आहे. रॅग-सी नावाच्या एका जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे श्रीलंकेतील जंतूची अंतर्गत अवयवांत तग धरण्याची शक्ती घटते, असे २०२१ मधील संशोधनात दिसून आले. एवढे एकच कारण सर्व कोडे उलगडते असे कोणी म्हणत नाही. जनुकांच्या प्रती कमीजास्त होणे, सबंध गुणसूत्रेच वाढणे, हेही या जंतूचे नेहमीचे खेळ आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट संकराची. हा जंतू केवळ दुभंगून वाढतो असे दीर्घकाळ समजले जाई. वाळूमाशीच्या पोटात दोन जंतूंचा जनुकसंयोग होऊ शकतो, हे २००९ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. हिमाचलमधील त्वचारोगाचा जंतू डोनोवानीच्याच दोन वंशांचा संकर असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रीलंकेतील काही जंतूंत तर अन्य लीशमानिया जातींचाही अंश आढळला आहे.

येथे विषय प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर येतो. बिहारमध्ये अँटिमनीच्या इंजेक्शनांना काळा आजार दाद देईनासा झाला आणि ते औषध सोडून द्यावे लागले. त्वचेच्या व्रणांवर मात्र त्याचाच वापर चालत आला आहे. जे जंतू परस्परांशी संकर करू शकतात, त्यांच्यातील औषधाला न जुमानण्याचा गुण एका वंशातच कोंडून राहील, अशी हमी कोण देणार? आणि आज कातडीवर थांबलेला वंश उद्याही तेथेच थांबेल, असे मानण्यासही आधार नाही. सतलजच्या याच खोऱ्यात काळ्या आजाराचेही तुरळक रुग्ण आढळलेले आहेत.

यावर आरोग्य खात्याचा युक्तिवाद ठरलेला असतो: फोडाने माणूस मरत नाही, पैसा मर्यादित आहे. माणूस मरत नाही हे खरे. पण गालावर महिनोन्‌महिने चिघळणारा व्रण आणि त्यामागून राहणारा वण यांचे मोल किन्नौरमधील लग्नाच्या वयाच्या मुलीला विचारावे. शिवाय, जो रोग मारत नाही तो गुपचूप पसरतो; रुग्ण गावठी लेप लावतो आणि सरकारी वहीत त्याची ओळ उमटत नाही. पैशाचा मुद्दाही लंगडा आहे. नवी यंत्रणा कोणी मागितलेली नाही. श्रीलंकेसारख्या लहान देशाने २००८ मध्ये या रोगाची नोंद सक्तीची केली. म्हणूनच तेथील प्रसार आकड्यांत दिसू लागला.

काळ्या आजाराच्या मोहिमेची आखणी चार राज्यांच्या नकाशावर झाली, आणि त्या नकाशात हिमाचल व केरळ नाहीत. ही त्रुटी दूर करण्यास नवा कायदाही नको. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांनी प्रत्येक संशयित व्रणाची नोंद मोहिमेच्या कार्यालयाकडे पाठवावी, आणि नमुन्यांतील जंतूची जनुकीय तपासणी नियमाने व्हावी. कोविडच्या काळात विषाणूची जनुकरचना वाचणाऱ्या प्रयोगशाळांचे जाळे देशात उभे राहिले. त्यांतील काही यंत्रे या कामी लावता येतील. फवारणीची पथके आणि प्रशिक्षित कर्मचारी आज जागेवर आहेत. लक्ष्य गाठल्याच्या समाधानात अशा मोहिमांचा निधी सर्वप्रथम कापला जातो, हा हिवतापाच्या बाबतीत १९६० नंतर या देशाने घेतलेला अनुभव आहे, आणि त्यानंतर हिवताप किती जोराने परतला हे सत्तरच्या दशकात सर्वांनी पाहिले.