पडद्यावर थांबलेली वेळ

समजा, सकाळी साडेसहाला पक्षाघाताची लक्षणे सुरू झालेला रुग्ण दहा वाजता आपत्कालीन विभागात पोहोचला. नोंद झाली आणि संगणकाच्या पडद्यावर ओळ उमटली : ‘लक्षणे सुरू होऊन ३ तास ३० मिनिटे, वेळ मर्यादेत.’ सीटी स्कॅनसाठी थांबावे लागले, नातेवाइकांची संमती घेण्यात वेळ गेला. साडेअकरा वाजले, तरी पडद्यावर ३ तास ३० मिनिटेच! रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देण्याची प्रचलित मर्यादा साडेचार तासांची आहे. ती अकरालाच संपली होती.

यात परिचारिकेने काही चुकीचे भरलेले नाही. संगणकाचे गणितही बरोबर होते. फक्त ते त्याने एकदाच केले.

घरखर्चाच्या एक्सेल तक्त्यात दुधाचा आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलते. ‘रिअ‍ॅक्टिव्ह प्रोग्रामिंग’ ही याच कल्पनेची पुढची पायरी. कोणते उत्तर कोणत्या माहितीवर अवलंबून आहे, हे एकदा सांगून ठेवायचे. माहिती बदलली की उत्तर स्वतःहून बदलते. नाडी किंवा रक्तदाबाबाबत हे सोपे आहे, कारण नवा आकडा कोणीतरी भरतो. वेळ मात्र कोणी भरत नाही; ती न सांगता पुढे सरकते. एक्सेलमधले ‘आत्ताची वेळ’ देणारे सूत्रसुद्धा तक्त्याची पुन्हा आकडेमोड होईपर्यंत जुनीच वेळ दाखवते.

म्हणून चालू वेळ ही नाडीसारखीच बदलणारी, लक्ष ठेवण्याजोगी माहिती मानायला हवी. कॉनल एलियट आणि पॉल ह्यूडॅक यांनी १९९७ मध्ये संगणकीय चलच्चित्रांसाठी मांडलेल्या पद्धतीचा पायाच वेळेनुसार सतत बदलणारी मूल्ये हा होता.

वैद्यकशास्त्राला हे परके नाही. नवजात बाळाच्या रक्तातील बिलिरुबिनचा १२ मिलिग्रॅम हा आकडा २४ तासांच्या बाळात धोक्याचा असतो. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळात ७२ तासांनंतर तो सहसा तितका चिंताजनक नसतो. म्हणजे बाळाचे वय तासांत माहीत नसेल, तर नुसत्या आकड्याला अर्थच नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळे पडदे दर सेकंदाला बदलत राहिले तर यंत्रणा मंदावेल, आणि सतत वाजणाऱ्या इशाऱ्यांकडे कर्मचारी दुर्लक्ष करू लागतील. पण सेकंदाची गरजच नाही. मिनिटाला एकदा हिशेब पुरे. इशारा फक्त मर्यादा जवळ येताना हवा. पडद्यावरच्या सगळ्या नोंदींना घड्याळ मात्र एकच असावे, नाहीतर मध्यरात्री एका कोपऱ्यात जुनी तारीख आणि दुसऱ्यात नवी दिसेल. वेळ अशी बाहेरून पुरवली तर आणखी एक सोय होते : चाचणीत घड्याळ मुद्दाम पुढे सारून साडेचार तासांनंतर काय होते, हे रुग्ण येण्याआधीच तपासता येते.

रुग्णालयांनी सॉफ्टवेअर घेताना रंगीत आलेखांवर भुलू नये. चाचणीसाठी एक नोंद भरावी, अर्धा तास कशालाही हात लावू नये आणि मग पडद्याकडे पाहावे. तो जागचा हलला नसेल, तर ते सॉफ्टवेअर रुग्णाच्या खाटेजवळ आणू नये.