फट राहते!

परवा शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला मावशीकडे चाललो होतो. वाटेत वीटभट्टी दिसली आणि माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर जाणारी, पावसाच्या तोंडावर परतणारी. मधले महिने हजेरीपटात नुसत्या फुल्या.

एकदा मी वर्गात पुठ्ठ्याचे चतुष्फलक नेले होते. म्हणजे चारही बाजूंना समभुज त्रिकोण असलेले ठोकळे. विचारलं, "नुसते हेच रचून जागा गच्च भरेल का?" हुशार मुलं सूत्र शोधायला लागली. हिने पाच ठोकळे एका कडेभोवती लावले आणि म्हणाली, "सर, बसत नाय. फट राहते."

मंडळी, नेमकं इथेच अ‍ॅरिस्टॉटल चुकला होता! तो म्हणाला, जागा भरते. त्याचे भाष्यकार शतकानुशतकं ते सावरत बसले. प्रत्यक्षात एका ठोकळ्याचा कोन साधारण साडेसत्तर अंश. पाच लावले तरी 360 व्हायला सात-एक अंश कमीच पडतात. मग मी तिला अष्टफलक दिले. दोन हे, दोन ते, आलटून पालटून... आणि फट मिटली! अशी सगळीकडे सारखी रचना त्रिमितीत 28 प्रकारे करता येते.

गंमत पुढेच आहे. चौथी मिती डोळ्यांना दिसत नाही, पण हिशेब तोच, कोन मिळून 360 भरले पाहिजेत. एकाच जातीच्या नियमित ठोकळ्यांनी जागा भरायची तर आपल्या त्रिमितीत पाचांपैकी फक्त घन चालतो. चौथ्या मितीत तीन आकार चालतात. पाचवीपासून पुढे, कितीही मिती घ्या, पुन्हा एकटा घनच उरतो. म्हणजे आपल्या विटेचा भाऊबंदच की!

म्हणून मला वाटतं, भूमिती सूत्रापासून नको, रचण्यापासून सुरू व्हावी. आधी हाताला फट कळू दे, मग ती किती अंशांची ते वहीत येऊ दे.

यावर कोणी म्हणेल, मग भट्टीच खरी शाळा! हे मला अजिबात मान्य नाही. कच्च्या विटा वाळताना हवेसाठी फट कुठे ठेवायची हे तिला भट्टीने शिकवलं, पण सात अंश कुठून आले हे भट्टी कधीच सांगणार नाही. त्यासाठी ती वर्गातच हवी. आईबाप कामावर गेले तरी मुलांना गावात राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. ती कागदावर न राहता दिवाळीच्या आत सुरू झाली पाहिजे. डिसेंबरात सुरू होऊन उपयोग काय? तोवर गाड्या भरून गेलेल्या असतात.

असो. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. तिने चिकटवलेले ठोकळे अजून माझ्या कपाटात आहेत.