नव्या कोचला मार्क कधी द्यायचे?

कॉलेजला नवे स्पोर्टचे सर आले, की त्यांचा निकाल लागायला किती दिवस लागतात? खरं सांगा. पहिल्या आठवड्यात ‘लई कडक आहेत’, दुसऱ्या आठवड्यात ‘नुसते पळवतात’, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतली पहिली मॅच हरली, की त्याच संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडतो, ‘जुने सरच बरे होते’. जुने सर होते तेव्हा त्यांच्याबद्दल आपण काय लिहीत होतो, ते मात्र कुणी वर स्क्रोल करून बघत नाही.

ही सवय फक्त आपली नाही. सगळा देश हेच करतो. भारतीय फुटबॉल संघाचंच घ्या. 1 ऑगस्ट 2025 ला खालिद जमील मुख्य प्रशिक्षक झाले. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी अशा मुंबईतल्या क्लबांकडून खेळलेला हा माणूस. 2016-17 मध्ये त्यांनी आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली होती. तेरा वर्षांनी भारतीय संघाला भारतीय कोच मिळाला. पहिलीच मॅच 29 ऑगस्टला, ताजिकिस्तानात, यजमानांविरुद्ध. भारत 2-1 नं जिंकला. त्याच काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबरही आला. झालं! ‘परदेशी कोचवर उगाच पैसे घालवले’ असं जो तो म्हणायला लागला.

मग 14 ऑक्टोबर उजाडला. गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरविरुद्ध जिंकणं गरजेचं होतं. भारतानं आधी गोल केला आणि तरी 1-2 नं मॅच घालवली. 2027 च्या आशिया चषकाचं दार बंद. पुढच्या महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडूनही 0-1 हार. पहिल्या विजयापासून दीड महिन्यात तोच माणूस हिरोचा झिरो झाला.

आता विचार करा, दीड महिन्यात कोच बदलतो का? जमील आले तेव्हा पात्रता फेरीच्या दोन मॅचमधून भारताकडं एकच गुण होता. देशातली मुख्य लीग, आयएसएल, होणार की नाही याचाच पत्ता नव्हता. शिबिरासाठी सगळे खेळाडूही मिळाले नव्हते. म्हणून सिंगापूरच्या हारेत त्यांचा दोष नाही, असं मी म्हणत नाही. घरच्या मैदानावर आघाडी घेऊन हरलेल्या मॅचचा जाब कोचला द्यावाच लागतो. माझा मुद्दा वेगळा आहे. ऑगस्टमधला जयजयकार आणि ऑक्टोबरमधली शिवीगाळ, दोन्ही सारख्याच घाईत झाले. लवकर केलेली निंदा चुकीची असते, तसं लवकर केलेलं कौतुकही चुकीचं असतं. हे दुसरं आपल्या लक्षात येत नाही, कारण कौतुकाचा राग कुणाला येत नाही.

आता आपल्या मुंबईकर अमोल मुजुमदार यांच्याकडं या. रणजी पदार्पणातच 260 धावा, प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा, आणि तरी भारताकडून एकही सामना नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये ते भारतीय महिला क्रिकेट संघाचे मुख्य कोच झाले. त्याआधी डिसेंबर 2022 पासून संघाला पूर्णवेळ मुख्य कोचच नव्हता. त्यांचे पहिले पाच आठवडे बघा. इंग्लंडविरुद्ध टी-20 मालिका 1-2 नं गेली. लगेच नवी मुंबईत इंग्लंडला कसोटीत 347 धावांनी लोळवलं. वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला कसोटीत हरवलं, तेही इतिहासात पहिल्यांदा. आणि त्याच ऑस्ट्रेलियाकडून एकदिवसीय मालिकेत 0-3 असा सपाटा खाल्ला. टी-20 मालिकाही गेली.

या पाच आठवड्यांवर तुम्ही काय निकाल दिला असता? ज्याला जे सिद्ध करायचंय, त्याला तसा पुरावा मिळतो. पुढं 2024 मध्ये आशिया कपची फायनल श्रीलंकेकडून हरलो आणि टी-20 वर्ल्डकपमध्ये गटातूनच घरी आलो. वर्षभराच्या स्कोअरबोर्डवर मार्क द्यायचे तर मुजुमदार काठावर पास, किंवा नापासच. आणि 2 नोव्हेंबर 2025 ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून याच संघानं वर्ल्डकप उचलला. त्या स्पर्धेतही मधे सलग तीन मॅच हरल्या होत्या, हे विसरू नका.

इथं एक पळवाट बंद करतो. ‘बघा, शेवटी जिंकले ना, म्हणजे कोचला वेळ दिला पाहिजे’ असा सोपा धडा यातून काढू नका. शेवट कळल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं. वेळ दिलेले सगळेच कोच वर्ल्डकप आणत नाहीत. कित्येक जण वर्षानुवर्षं खुर्ची उबवून जातात. वेळ देणं ही मेहरबानी नाही, आणि डोळे मिटून बसणंही नाही. त्या वेळेत आपण नेमकं काय बघायचं, हे आधी ठरलं पाहिजे.

आता सोनपेठला येऊ. आपल्याकडं फुटबॉलपेक्षा कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल जास्त. कॉलेजचे क्रीडा संचालक हेच सगळ्या खेळांचे कोच. आणि गंमत अशी, की मुजुमदारांना जोखायला देशाकडं डझनांनी मॅच होत्या. आपल्या सरांना जोखायला आपल्याकडं किती असतात? बाद पद्धतीची स्पर्धा असेल तर एक. नांदेड विद्यापीठात चार जिल्ह्यांची कॉलेजं आहेत. ड्रॉमध्ये पहिल्याच फेरीत तगडी टीम आली, की 40 मिनिटांत वर्षाचा हिशोब संपला. म्हणजे जिथं पुरावा सगळ्यात कमी, तिथं आपला निकाल सगळ्यात घाईचा.

त्या 40 मिनिटांमागं काय असतं तेही बघा. मॅच मॅटवर, आणि प्रॅक्टिस मातीत. पावसाळ्यात मैदानाचा चिखल. स्पर्धांच्या आसपासच सोयाबीनची काढणी, म्हणजे निम्मी टीम शेतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या घरांतली पोरं आई-बापाबरोबर कारखान्याला. जी उरतात त्यातली गावाकडची पोरं शेवटच्या एसटीकडं डोळे लावून बसलेली. मुलींचं तर विचारूच नका. संध्याकाळची प्रॅक्टिस साडेपाचच्या पुढं गेली, की घरून फोन सुरू. हे सगळं नव्या सरांनी तयार केलेलं नाही. ते त्यांच्या पदरात पडलंय.

पण म्हणून सरांना सगळं माफ, असंही नाही. कारण दुसऱ्या बाजूला आपली घडी चालू आहे. देशाचा चाहता म्हणू शकतो, ‘देऊ दोन वर्षं.’ त्याचं काय जातंय? टीव्ही बंद करून तो झोपतो. तुमची डिग्री तीन वर्षांची, फार तर चार. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा वर्षातून एकदा. म्हणजे आयुष्यात तीन-चार संधी. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्या दारापर्यंत जायला मोठ्या स्पर्धेतली कामगिरी आणि तिचं प्रमाणपत्र लागतं. शेवटच्या वर्षाच्या पोरीला ‘टीम घडतेय, पुढच्या वर्षी बघा’ म्हणणं म्हणजे तिला घरी जा म्हणण्यासारखंच आहे. कोचला दिलेला वेळ हा कुणाच्या तरी वयातून कापलेला असतो.

मग करायचं काय? मला वाटतं, स्कोअरबोर्डवरचा निकाल थांबवा, पण बाकीचं निरीक्षण पहिल्या दिवसापासून सुरू करा. चार गोष्टी बघा.

पहिली, सर जे बोलतात ते प्रॅक्टिसमध्ये दिसतं का? मुजुमदारांनी सुरुवातीलाच फिटनेस आणि क्षेत्ररक्षणावर तडजोड नाही, असं सांगितलं होतं. काही दिवसांतच ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका मॅचमध्ये सात झेल सुटले आणि ती मॅच फक्त 3 धावांनी गेली. हसू झालं. पण वर्ल्डकपच्या फायनलमध्ये अमनजोत कौरचा थेट थ्रो आणि शतक केलेल्या वोल्वार्टचा तिनं दोन-तीन प्रयत्नांत पकडलेला झेल आठवा. झेल त्याही स्पर्धेत सुटले, पण दिशा दिसत होती. आपल्या सरांनी ‘बचाव सुधारायचाय’ म्हटलं असेल, तर रोज बचावाला किती वेळ जातो ते मोजा. मोबाइलमध्ये घड्याळ आहेच.

दुसरी, तीच चूक तिसऱ्यांदा होते का? नवी चूक म्हणजे काहीतरी करून बघणं चालू आहे. जुनीच चूक पुन्हा पुन्हा होणं म्हणजे कुणी शिकवतही नाही आणि कुणी शिकतही नाही.

तिसरी, बाकावर बसलेल्यांचं काय? कबड्डीत सात आत खेळतात, पाच बाहेर बसतात. त्या पाचांना आपण बाहेर का आहोत आणि आत यायला काय करायचं, हे माहीत आहे का? इंग्लंडविरुद्धच्या मॅचला जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं होतं. तिलाच परत आणून तिसऱ्या नंबरवर पाठवलं, आणि सेमीफायनलमध्ये 339 चा पाठलाग करताना तिनं नाबाद 127 केल्या. बाहेर काढणं सोपं असतं. बाहेर काढलेल्याला तयार ठेवून परत आणणं, हे कोचचं खरं काम.

चौथी, सर परिस्थितीभोवती वाट काढतात का? काढणीच्या दिवसांत पहाटेची प्रॅक्टिस, एसटीच्या वेळेनुसार मुलींचा सराव, घरी जाऊन एखाद्या बापाशी चार शब्द. याला बजेट लागत नाही. हे दोन महिन्यांतही दिसतं.

आणि काही गोष्टींसाठी तर एक दिवसही थांबायचं नाही. सिलेक्शन आडनाव बघून, गाव बघून होत असेल, मुलींशी वागणं-बोलणं खटकत असेल, दुखापत झालेल्याला जबरदस्तीनं उतरवलं जात असेल, किंवा सर मैदानावर येतच नसतील, तर ‘नवीन आहेत, वेळ द्या’ हे वाक्य तोंडातून काढू नका. वेळ देतात तो शिकवण्यातल्या चुकांना, वागण्यातल्या खोटेपणाला नाही. प्राचार्यांकडं जा, एकट्यानं नको वाटलं तर पाच जणांनी जा.

बाकी सगळ्यासाठी एक पूर्ण मोसम द्या आणि तो संपल्यावर सरांसोबत बसा. तेव्हा प्रश्न विचारा, पण स्वतःची हजेरीही सोबत घेऊन जा. ‘सर बेकार आहेत’ म्हणून प्रॅक्टिस सोडणारे चार जण टीमचे बारा लोक पूर्ण होऊ देत नाहीत, आणि मग टीम हरली की तेच म्हणतात, ‘बघा, आम्ही बोललोच होतो.’ हा निकाल त्यांनीच आधी ठरवून, स्वतःच खरा करून दाखवलेला असतो.

सरांची नेमणूक कायमची आहे की वर्षापुरती, हेही एकदा विचारा. दर जूनला माणूस बदलणार असेल, तर मार्क कुणाला देणार? अशा वेळी प्रश्न सरांना नाही, संस्थेला विचारायचा असतो. आणि तो हरलेल्या मॅचच्या संध्याकाळी ग्रुपवर टाकून चालणार नाही. लेखी अर्ज करा, खाली टीममधल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.