शरीर पोराचे, सही बापाची!

खान्देशात बाळंतिणीच्या खोलीबाहेर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय व्हयनं? आंडोर का आंडेर?" पारोळ्यातल्या एखाद्या प्रसूतिगृहाच्या बाकावर बसलेल्या आजीला आणि एरंडोलहून पेढे घेऊन निघालेल्या मामाला उत्तर त्याच मिनिटाला हवे असते. पण कधीतरी दार उघडून बाहेर आलेली नर्स बोलतच नाही. बाळ ठणठणीत रडते आहे, दूध ओढते आहे, वजनही ठीक आहे; फक्त अंग पाहून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही, बाळ आंतरलिंगी आहे. मग पेढ्यांचा पुडा पिशवीतून बाहेर निघत नाही, बापाचा फोन लागेनासा होतो आणि दोनच दिवसांत कुणा शहाण्याच्या सल्ल्याने धुळ्याला, नाशकाला, मुंबईला सर्जनचा शोध सुरू होतो. बारशाच्या आत निकाल लावायचा असतो!

आम्ही विचारतो, हा निकाल लावणारे तुम्ही कोण?

नाव ठेवा. झबले घाला, नाहीतर फ्रॉक घाला. 21 दिवसांत जन्माची नोंद करा. नाव तर नोंदीत मागाहूनही घालता येते. मुलगी म्हणून वाढवायचे की मुलगा म्हणून, हे तूर्त कुणीतरी ठरवावे लागते, आणि ते आई-बापांनीच ठरवावे. उद्या पोर म्हणाले की 'मी हा नाही', तर फ्रॉक बदलता येतो, कागद बदलता येतो. कापून टाकलेले अंग परत येत नाही. जननग्रंथी काढल्या की अपत्याची उरलीसुरली शक्यता संपते आणि जन्मभर संप्रेरकांच्या गोळ्या मागे लागतात. नाजूक भाग छाटला की संवेदना जाऊ शकते, तीही कायमची. एवढ्या सगळ्यावर सही कुणाची? ज्याचे शरीर आहे, त्याला अजून मानही धरता येत नाही. सही बापाची!

"आई-बाप पोराचे वाईट कशाला चिंततील?" हा प्रश्न आमच्या तोंडावर फेकला जाईल. तो जळगाव जिल्ह्यात विचारू नये. 2011च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 842 मुली होत्या. बाकीच्या कुठे गेल्या, ते सोनोग्राफीच्या यंत्रांना विचारा. ज्या समाजाने पोटातच निवड केली, त्याच्या हाती जन्मलेल्या पोराचे लिंग निवडायला सर्जनची सुरी द्यायची? आणि ती निवड निःपक्ष होईल म्हणता?

महाराष्ट्राने दोन माणसे डोळ्यांदेखत पाहिली आहेत. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे. जन्मनोंदीत मुलगी, पोलिसांत भरतीही महिला म्हणून. पुढे तपासणीत वाय गुणसूत्र आढळले. रजेसाठी खात्याचे आणि न्यायालयाचे उंबरे झिजवले, आणि 2018 साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात, स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या सहीने ते शस्त्रक्रियेला सामोरे गेले. दुसरी नाशिकची तरुणी. ग्रामीण पोलीस भरतीत निवडली गेली. वैद्यकीय तपासणीत गर्भाशय नाही, अंडाशय नाहीत, म्हणून 'पुरुष' ठरवून दारातून परत पाठवली गेली. ती म्हणाली, मी बाईच आहे, बाई म्हणूनच वाढले. 2022 साली मुंबई उच्च न्यायालयात सरकारला नमते घेऊन तिला नोकरी देऊ करावी लागली. दोघांनाही घराने मुलगी म्हणूनच वाढवले. एकाने म्हटले मी पुरुष, दुसरीने म्हटले मी स्त्री. पाळण्यात पाहून हे कोणत्या सर्जनने, कोणत्या बापाने, कोणत्या ज्योतिषाने ओळखले असते? अमेरिकेतल्या जॉन मनी नावाच्या पंडिताने छातीठोकपणे सांगितले होते की लहानपणी कापाल आणि वाढवाल तसे पोर घडते. त्याच्या सल्ल्याने मुलगी करून वाढवलेला कॅनडाचा डेव्हिड रायमर वयात येताच पुन्हा मुलगा झाला आणि 2004 साली त्याने आत्महत्या केली. तो तर आंतरलिंगीही नव्हता!

घाई कुठे हवी, तेही सांगतो. अशा काही बाळांच्या अधिवृक्क ग्रंथीत जन्मजात दोष असतो, शरीरातले मीठ झरत राहते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होऊन बाळ सुकते आणि मरते. त्याला तातडीने रक्ततपासणी आणि स्टिरॉइडचे औषध लागते. लघवीची वाट बंद असेल तर ती त्याच दिवशी मोकळी करा. तिथे एक तासही दवडू नका. पण जीव वाचवण्याची घाई राहते बाजूला, आणि घाई होते ती सोयऱ्याधायऱ्यांची तोंडे बंद करण्याची!

   

न्यायालयांनी आपले काम केले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल 2019मध्ये बजावले की आई-बापांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे. तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी आदेश काढून, जिवावर बेतल्याखेरीज, अर्भकांवरील या शस्त्रक्रिया बंद केल्या. 2023मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सात वर्षांच्या मुलाच्या आई-बापांना अशी परवानगी नाकारली. माल्टाने तर 2015मध्येच कायदा केला. आणि महाराष्ट्र? गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 साली करणारा हा महाराष्ट्र! 2019च्या केंद्रीय कायद्याने आंतरलिंगी व्यक्तींची व्याख्या केली, पण पाळण्यातल्या पोरावर चालणारी सुरी रोखणारे त्यात एक कलमही नाही. राज्याच्या आरोग्य खात्यालाही त्याचे सोयरसुतक नाही.

खान्देशच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात तामिळनाडूसारखा आदेश सरकारला काढायला लावावा. जिवाला धोका असेल तरच शस्त्रक्रिया, तीही डॉक्टरांच्या समितीच्या लेखी निर्णयाने. बाकी सारे मूल जाणते होऊन स्वतः बोलेपर्यंत थांबेल. आणि तोवर, पारोळ्यातल्या, अमळनेरातल्या, साक्रीतल्या बापांनो, सर्जनने कागद पुढे केला तर एकच विचारा, "आज कापले नाही तर पोर मरेल का?" उत्तर 'नाही' असेल, तर सही करू नका. पोराला घेऊन घरी या आणि पेढे वाटा.