कळसूबाईला बंदी नको, मोजणी हवी

पावसाळा आला की दोन गोष्टी ठरलेल्या. शनिवारी रात्री बारी गावात गाड्यांची रांग, आणि कुठल्याही डोंगरावर कुणी पडलं की सोमवारी 'ट्रेकिंगच बंद करा' अशी ओरड. मला दोन्ही पटत नाही.

कळसूबाई १६४६ मीटर. राज्यातलं सर्वोच्च शिखर, त्यामुळे 'एकदा तरी जायचंच' या यादीत पहिलं. याच रांगेत पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग आहेत. अलंग-मदनला दोर लागतो, म्हणून लोक तयारीनं, जाणकार माणूस घेऊन जातात. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, म्हणून तिथे चपला घालूनही लोक येतात. खरी गोम इथेच आहे. शिडीनं कातळ सोपा केला. वारा, धुकं आणि वीज तशीच राहिली. वर आडोसा म्हणाल तर जवळपास नाहीच. मे महिन्यात किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर ढग गडगडायला लागले की उघड्या माथ्यावर, लोखंडाला धरून उभं राहणं म्हणजे विजेला आमंत्रण.

त्यात सगळ्यांना सूर्योदयच बघायचा असतो! म्हणजे दिवसभरात किती लोक आले यापेक्षा एका तासात शिडीवर किती आले हा प्रश्न मोठा. चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर. मध्ये एकाचे पाय लटपटले की मागचे सगळे पावसात अडकतात. कुणी जखमी झालं तर स्ट्रेचर उतरवायची वाटही तीच. आणि उचलायला आधी धावतात ती गावातली पोरं. शहरातली रेस्क्यू टीम पोचायला तास जातात.

मग बंदी घाला? बंदीनं चहा-भाकरीवर घर चालवणाऱ्याचा हंगाम बुडतो, आणि हौशी मंडळी रात्री आडवाटेनं चढतात. ते जास्त धोक्याचं.

२०२१ साली राज्यानं साहसी पर्यटन धोरण आणलं, आयोजकांना नोंदणी सांगितली. चांगलंच आहे. पण शनिवारी रात्री पायथ्याशी ती तपासतं कोण? हा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशाचं नियमन करायचा अधिकार वनविभागाला कायद्यानंच आहे, नवा कायदा नको.

माझं म्हणणं एवढंच:

१) पायथ्याशी नोंद करून ठराविक अंतरानं तुकड्या सोडा. तासाला किती, हे शिडीची रुंदी बघून ठरवा.
२) हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी वाट बंद. फक्त त्या दिवशी.
३) मोठ्या ग्रुपला स्थानिक वाटाड्या सक्तीचा, आणि शुल्कातला ठरलेला वाटा गावाला. रेस्क्यूचं साहित्य आणि पोरांचं प्रशिक्षण त्यातूनच होईल.
४) नवरात्रात देवीला जाणाऱ्या गावकऱ्यांना शुल्क नाही.

'डोंगर काय कुणाच्या बापाचा आहे का?' असं काही जण म्हणतील. नाही ना, म्हणूनच तर रांगेत उभं राहायचं. देवळात आपण राहतोच की.

अकोले, इगतपुरीकडची जी मंडळी हे वाचताय, त्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. पावसाळ्याआधी ठराव झाला तर उपयोग. अपघातानंतर झाला तर नुसता कागद. यात काय चुकतंय, काय राहिलं, ते खाली लिहा.